गोळी, गुपित आणि सही

मैत्रिणींनो, या खेपेला दिवाळीपूर्वीच्या साफसफाईबद्दल लिहायचं ठरवलं होतं. माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंच-मिठाने घासायला घेतलीही होती. म्हटलं, आधी स्वतः करून पाहावं आणि मग तुम्हांला सांगावं. पण मधेच एक पत्र आलं. वहीच्या कागदावर पाठपोट लिहिलेलं, चार पानी. ते वाचलं आणि भांडी तशीच राहिली. भांड्यांचं पुढच्या अंकात नक्की. आज त्या पत्राबद्दल.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने नाव-गाव छापू नका असं बजावलं आहे. ते मी छापणार नाहीच, शिवाय ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही गाळले आहेत. मजकूर थोडक्यात असा :

"ताई, माझी धाकटी नणंद आणि तिचे यजमान दोघंही एड्सने गेले. त्यांचा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून माझ्याजवळ आहे. मला मामी म्हणतो, पण मी त्याला माझाच मानते. आता चौदा पूर्ण होतील. त्यालाही जन्मापासून ती लागण आहे. सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते. त्याला सांगितलंय, ही रक्त वाढायची गोळी आहे. नणंदेने जाताना माझा हात धरून म्हटलं होतं, 'वहिनी, याला कधी कळू देऊ नका.' मी शब्द दिला. पण वर्षभर झालं, तो गोळी घ्यायला टाळाटाळ करतो. परवा गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली अकरा गोळ्या निघाल्या. दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. त्या म्हणाल्या, वयात येणाऱ्या मुलांसाठी एक अभ्यास सुरू होतो आहे, याला त्यात घेता येईल. पण आधी त्याला आजाराचं नाव सांगावं लागेल, आणि तुमच्याबरोबर त्याचीही सही लागेल. ताई, माझ्या मुलावर प्रयोग करणार का? आणि मी दिलेल्या शब्दाचं काय?"

रात्री जेवताना मी हे पत्र घरात वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तुझ्या सदरात हा विषय कसा बसायचा? लोणच्याला बुरशी का येते हे विचारणाऱ्या बायका तुला लिहितात." सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "लोणचं विचारणारीच्या घरीही पोर असतंच की." विषय तिथेच मिटला.

या बाबतीत मी स्वतः एकदा साफ चुकले आहे, ते आधी सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी मी शिकवत होते त्या शाळेत सहावीत एक नवी मुलगी आली. आजीजवळ राहायची. महिन्याभरात कुजबुज सुरू झाली. एका डब्यातून खाल्लं म्हणून दोघी आया तावातावाने ऑफिसात आल्या. मुलीला मागच्या बाकावर एकटीला बसवलं गेलं. त्या वर्गाला मराठी माझ्याकडे होतं. डब्यातून, पेल्यातून, शेजारी बसल्याने, खोकल्याने हा आजार लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मी मनाशी म्हटलं, आपण अर्धवेळच्या, आपलं कोण ऐकणार? सहामाहीनंतर ती मुलगी आलीच नाही. तिची निबंधाची वही मात्र माझ्या कपाटात राहिली. आज तसं करायला कायद्याने मनाई आहे. एचआयव्हीबाबतचा कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. लागण आहे म्हणून मुलाला शाळेत वेगळं वागवता येत नाही की शाळा नाकारता येत नाही. पण त्या वेळी बोलायला मला कायद्याची गरज नव्हती, हेही खरंच.

तेव्हा आता पत्राकडे वळू.

पहिला प्रश्न प्रयोगाचा. बाई, तुमची भीती वेडगळ नाही. न सांगता माणसांवर प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे सहाशे काळ्या पुरुषांना पाहणीखाली ठेवलं होतं. त्यांतल्या बहुतेकांना उपदंशाचा रोग होता. पेनिसिलीन हाताशी आल्यावरही त्यांना ते दिलं नाही, आणि खरं काय चाललंय ते सांगितलंही नाही. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा ते थांबलं. संमतीचे आजचे कडक नियम अशा पापांमधूनच आले.

आपल्या देशातल्या एचआयव्हीच्या शोधातही अशी एक जागा आहे. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी हा शोध लावला. माहेरच्या त्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी निर्मला हिने सुधारगृहातल्या आणि इतर ठिकाणच्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. दवाखान्यात सोय नव्हती म्हणून नमुन्यांच्या बाटल्या तिने घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. मग नवऱ्याबरोबर रेल्वेने वेल्लोरला नेऊन ते तपासून घेतले. भारतात हा आजार आहे हे त्यातून पहिल्यांदा सिद्ध झालं. पुढे केवढी तरी माणसं त्यामुळे वाचली. पण ज्या बायकांचं रक्त घेतलं त्यांना ते कशासाठी घेतलं हे तेव्हा सांगितलं गेलं नव्हतं. आज तसं चालत नाही. हेतू चांगला असला तरी चालत नाही.

तुमच्या डॉक्टरीणबाई "आधी त्याला सांगावं लागेल" म्हणाल्या ना? त्या वाक्याने तुमच्या काळजात धस्स झालं असेल. मला मात्र ते वाचून बरं वाटलं. नियम पाळणारी माणसं आहेत याची ती खूण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे २०१७ चे नियम सांगतात की अठराच्या आतल्या मुलासाठी पालकाची लेखी संमती हवी, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही हवा. सात ते बारापर्यंत तोंडी, बारा ते अठरापर्यंत लेखी. आपल्याला कशासाठी विचारताहेत हे ज्याला माहीतच नाही, त्याचा होकार तो कसला होकार?

आता तुम्ही विचाराल, मुलांना या भानगडीत घ्यायचंच कशाला? मोठ्यांवर तपासून झालेलं औषध मुलांना द्यावं की!

मीही असंच समजत होते. माझा थोरला तीन वर्षांचा असताना रात्री ताप चढला आणि घरात मोठ्यांचीच गोळी होती. मी सुरीने अर्धी केली, अर्धीची पुन्हा अर्धी केली आणि दिली. सकाळी डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. "मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नाही हो," असं म्हणाले. मुलाचं यकृत, मूत्रपिंड, वाढतं वजन, सगळ्याची चाल वेगळी. किती औषध पुरतं, किती जास्त होतं, हे मुलांमध्येच पाहावं लागतं.

मुलांना जपायचं म्हणून संशोधनातून दूर ठेवलं तर काय होतं त्याचं हे उदाहरण. डोल्युटेग्राविर नावाचं एचआयव्हीवरचं उत्तम औषध अमेरिकेत मोठ्यांसाठी २०१३ साली मंजूर झालं. लहानग्यांना पाण्यात विरघळवून देता येईल अशी त्याची पाच मिलिग्रॅमची गोळी मंजूर व्हायला २०२० उजाडलं. सात वर्षं! तोवर कित्येक बाळांना एक कडू सरबतासारखं औषध द्यावं लागे. त्यात अल्कोहोल असे आणि ते थंड ठेवावं लागे. ज्या घरात फ्रिज नाही, वीज नाही, तिथल्या आईने काय करावं? नवी गोळी स्ट्रॉबेरीच्या चवीची आहे. एका मुलाचा वर्षाचा औषधखर्च चारशे डॉलरच्या वरून एकशेवीस डॉलरच्या खाली आला. ती बनवणाऱ्यांत आपल्या मुंबईची मॅकलिऑड्स कंपनीही आहे. हे औषध मुलांनाही जास्त गुणकारी ठरतं हे 'ओडिसी' नावाच्या चाचणीत दिसलं. दक्षिण आफ्रिका, युगांडा, झिंबाब्वे, थायलंड आणि युरोपातली ७०७ मुलं-मुली त्यात होती. दोन वर्षांच्या सुमारास उपचार फसण्याचं प्रमाण जुन्या औषधांवर शंभरात बावीस होतं, नव्यावर चौदा.

इतके देश कशाला, असं वाटेल. तर एका गावात, एका दवाखान्यात अशी मुलं असून असून किती असणार? पाच-पंचवीस मुलांवरून काही ठरवता येत नाही. म्हणून अनेक गावं एकत्र बांधावी लागतात. आम्ही मास्तरणी केंद्राची परीक्षा घेतो ना, तसंच ते. दहा शाळांत एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, तपासायची एकच पद्धत. एका बाईंनी उदार हाताने गुण दिले आणि दुसरीने हात आखडला, तर निकालाला काही अर्थ उरत नाही. म्हणून एक नमुना-उत्तरपत्रिका असते आणि वर एक नियामक बसतो. औषधाच्या चाचणीतही तसंच. कुणाला घ्यायचं, गोळी किती, रक्त कोणत्या दिवशी घ्यायचं, सगळं आधी लिहून ठरलेलं असतं, आणि ते सगळीकडे सारखं पाळलं जातंय ना हे पाहणारं एक मध्यवर्ती केंद्र असतं.

शिवाय या कामाशी ज्यांचा संबंध नाही अशा जाणकारांची एक समिती मधून मधून आकडे उघडून पाहते. दक्षिण आफ्रिकेत लागण झालेल्या तान्ह्या बाळांना लगेच औषध द्यावं की प्रकृती घसरू लागल्यावर, याची एक चाचणी चालली होती. २००७ साली समितीने आकडे पाहिले. थांबवून ठेवलेल्या बाळांत शंभरातली सोळा दगावली होती, लगेच औषध दिलेल्यांत चार. समितीने तिथेच सांगितलं, आता वाट पाहू नका, थांबलेल्या बाळांच्या औषधाचंही लगेच बघा. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या जगासाठी सल्ला बदलला. तेव्हा एकदा सुरू झालं की कुणी वाली नाही, अशी गोष्ट नसते.

वयात येणाऱ्या मुलांसाठी असं खास जाळं अमेरिकेत २००१ साली उभारलं गेलं. त्यांच्या बालआरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने ते सुरू केलं. नाव अ‍ॅडोलेसंट मेडिसिन ट्रायल्स नेटवर्क, थोडक्यात ए.टी.एन. बारा-तेरापासून चोविशीपर्यंतच्या पोरांचं दुखणं वेगळं असतं. बालरोगतज्ज्ञाकडे जायला ती मोठी झालेली असतात आणि मोठ्यांच्या दवाखान्यात बुजतात. त्यांच्यासाठी वेगळी माणसं, वेगळी पद्धत हवी, हे ओळखून ते जाळं विणलं गेलं.

त्यांच्या एका अभ्यासाची हकीकत तुमच्या गादीखालच्या अकरा गोळ्यांपर्यंत पोचते, म्हणून जरा सविस्तर सांगते. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी तिकडे मोठ्यांसाठी २०१२ साली मंजूर झाली. अठराच्या आतल्यांना ती चालेल का हे कुणी पाहिलं नव्हतं. २०१३-१४ मध्ये ए.टी.एन.ने सहा शहरांत पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी तो अभ्यास घेतला. मुलांकडेच ओढा असलेले हे मुलगे. त्यांच्यात धोका जास्त होता आणि घरी बोलायची सोय नव्हती. म्हणून तिथल्या कायद्याने परवानगी असलेल्या ठिकाणी त्यांच्या स्वतःच्या संमतीवर त्यांना घेतलं. २,८६४ जणांशी बोलणं झालं, निकषात २६० बसले, प्रत्यक्षात आले ७८. अठ्ठेचाळीस आठवडे पुरे करणारे निघाले ४७. एवढी गाळणी लागते, म्हणून तर अनेक शहरं लागतात.

गोळीने अपाय झाला नाही. पण रक्त तपासलं तेव्हा एक गोष्ट दिसली. पहिले तीन महिने मुलांना दर महिन्याला बोलवत होते. तेव्हा जवळपास निम्म्या मुलांच्या रक्तात पुरेसं औषध सापडत होतं. मग भेटी तीन महिन्यांनी एकदा केल्या. सहाव्या महिन्यात पुरेसं औषध असणारे शंभरात अठ्ठावीस उरले, नवव्या महिन्यात सतरा. गोळी तीच होती, मुलंही तीच होती. समोर बसून "काय रे, कसं चाललंय?" असं विचारणारं माणूस तेवढं लांब गेलं होतं. या आणि अशा अभ्यासांच्या आधारावर २०१८ साली ती गोळी किशोरवयीनांनाही मंजूर झाली. आणि या वयाच्या मुलांना वारंवार भेटावं लागतं, हा धडाही त्याबरोबर मिळाला.

दुसरी गोष्ट झिंबाब्वेची. तिथे 'झ्वांदिरी' नावाचं काम २००४ सालापासून चालतं. त्या शब्दाचा अर्थ 'मी आहे तशी' किंवा 'मी आहे तसा'. अठरा ते चोवीस वर्षांची, स्वतः एचआयव्ही असलेली मुलं-मुली तिथे शिकून तयार होतात आणि आपल्यापेक्षा लहानांच्या घरी जातात. गप्पा मारतात, फोन करतात, गोळ्या घेतल्या का बघतात. सांभाळणाऱ्या आजी-मावशांचेही गट असतात. याचा खरंच उपयोग होतो का हे त्यांनी रीतसर तपासलं. काही दवाखान्यांत नेहमीचा उपचार, काही ठिकाणी उपचार अधिक ही भेट देणारी मुलं. तेरा ते एकोणीस वयाची सुमारे पाचशे मुलं होती. दोन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारात शंभरातल्या छत्तीस जणांचं बिनसलं होतं, म्हणजे विषाणू वाढले होते किंवा मूल दगावलं होतं. भेट देणारं कुणी होतं तिथे हे प्रमाण पंचवीस होतं. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. औषध दोन्हीकडे सारखंच होतं, हे लक्षात घ्या.

रोजच्या गोळीचा कंटाळा येतो, या तक्रारीवरही अभ्यास झाला. 'ब्रीदर' त्याचं नाव. अकरा देशांतली आठ ते चोवीस वर्षांची १९९ मुलं. विषाणू पूर्ण आटोक्यात असलेल्या निम्म्यांना आठवड्यात पाच दिवस गोळी आणि शनिवार-रविवार सुट्टी, बाकीच्यांना रोज. वर्षभराने दोन्ही गटांचा निकाल जवळपास सारखाच आला. पण थांबा! हे वाचून घरी रविवारची सुट्टी सुरू करू नका. ती मुलं ठरावीक औषधावर होती आणि त्यांचं रक्त सारखं तपासलं जात होतं. मी हे सांगितलं ते एवढ्यासाठी की मुलांचा कंटाळा हासुद्धा कुणीतरी विचार करण्याजोगा विषय मानला.

आणि आपल्याकडच्या बायांनीही यात हातभार लावला आहे बरं का. अंगावर पाजणाऱ्या आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून बाळाला जन्मल्यावर नेव्हिरापिन औषधाचा एकच डोस देण्याऐवजी सहा आठवडे रोज दिलं तर? ही चाचणी इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात झाली. सहा आठवड्यांनी पाहिलं तर लागणीचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. २००८ साली निकाल छापून आले. ती बाळं आता विशीच्या आगेमागे असतील. त्यांच्या आयांनी तेव्हा कागदावर सही नाहीतर अंगठा केला, त्याचा फायदा नंतर किती अनोळखी बाळंतिणींना झाला असेल!

आता दुसरा प्रश्न, शब्दाचा.

बाई, तुमच्या नणंदेने शब्द मागितला तो कशासाठी? पोराला लाज वाटू नये, त्याने आईबापांना दोष देऊ नये म्हणून. त्या वेळी तो चार वर्षांचा होता. चार वर्षांच्या मुलासाठी दिलेला शब्द तुम्ही दहा वर्षं पाळलात. आज तो चौदाचा आहे आणि 'रक्त वाढायची गोळी' त्याला पटेनाशी झाली आहे. रक्त तर भरपूर आहे, मग गोळी कशाला, असा त्याचा सरळ हिशेब असेल. नाहीतर त्याला सगळं कळलेलं असेल आणि तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून तोच गप्प बसला असेल. या वयाची मुलं डब्यावरचं नाव वाचतात, मोबाईलवर शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच सांगितलं आहे की शाळकरी वयातच मुलाला टप्प्याटप्प्याने खरं सांगावं. नणंदेला तिचं पोर जगायला हवं होतं. शब्दाच्या पोटातलं ते मागणं आज खरं सांगूनच पुरं होईल.

कसं सांगावं? मला सुचतं ते लिहिते. पण आधी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंशी बोलून घ्या. हे त्यांचं रोजचं काम आहे.

परीक्षेच्या तोंडावर, सणाच्या दिवशी किंवा गोळ्या सापडल्याच्या रागात सांगू नका. निवांत वेळ काढा. भाजी निवडता निवडता, दोघांचे हात कामात असले की अवघड बोलणं सोपं होतं. आधी विचारा, "तुला काय वाटतं, ही गोळी कशाची असेल?" त्याला काय ठाऊक आहे ते कळेल. मग आजाराचं नाव सरळ घ्या. 'तो आजार', 'ते दुखणं' असं म्हणालात तर लाजेचं बी तिथेच पेरलं जाईल. आईबापांची चूक काढू नका. त्यांच्या वेळी कळायला उशीर झाला, तुझ्या वेळी तो झालेला नाही, असं सांगा. तो चिडेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. बोलणार नाही तेव्हाही ताट वाढलेलं असू द्या. आणि कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे त्याच्या हातात आहे हेही सांगा.

त्याच वेळी त्याला भविष्यही दाखवा. नियमाने औषध घेतलं तर तो शिकेल, नोकरी करेल, म्हातारा होईल. लग्नाचं त्याच्या मनात येणारच. तेव्हा सांगा की नऊ देशांत १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यात आपली पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. एकाला लागण होती, दुसऱ्याला नव्हती. लागण असलेल्याला लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला ती होण्याचा धोका शंभरात शहाण्णवने कमी होतो, हे २०११ साली दिसलं. आणि औषध घेऊन रक्तातले विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी राखले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता पक्कं ठरलं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला गोळी घ्यायला यापेक्षा मोठं कारण कुठलं देणार?

अभ्यासात जायचं की नाही, हे मी सांगणार नाही. ते त्याने आणि तुम्ही मिळून ठरवायचं. पण सही करण्याआधी कागद घरी आणा, मराठीत मागा, आणि हे विचारा :

१) यात नेमकं काय करून पाहणार? नवं औषध, की आहे त्याच औषधाची नवी पद्धत?

२) आत्ता चालू असलेला उपचार बंद होणार का? सामील झालो नाही तर, किंवा मधेच सोडलं तर, नेहमीचा उपचार मिळत राहील ना? (मिळायलाच हवा.)

३) किती वेळा यावं लागेल, किती रक्त घेणार, शाळा किती बुडेल, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार?

४) यामुळे काही अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण करणार? २०१९ च्या नियमांनी नव्या औषधांच्या चाचण्यांत ही जबाबदारी चाचणी घेणाऱ्यांवर टाकली आहे.

५) नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का, आणि या चाचणीची सरकारी नोंद कुठे पाहता येईल? त्या समितीत वैद्यकाबाहेरचा एक सामान्य माणूस आणि किमान एक स्त्री असावी लागते.

६) याचं नाव कुठे कुठे जाईल, आणि ते कोण कोण पाहील?

प्रश्न विचारल्याबद्दल कुणी वैतागलं तर सही करू नका. नीट उत्तरं मिळाली, मुलगाही म्हणाला "मामी, मी जातो," तर "माझ्यावर प्रयोग झाला" असं त्याला वाटणार नाही. त्याने स्वतः भाग घेतलेला असेल.

आणि अभ्यास असो-नसो, त्या अकरा गोळ्यांचं डॉक्टरांना आजच सांगा. लपवू नका. मधे मधे गोळी चुकली की विषाणू त्या औषधाला सरावतात आणि मग औषध बदलायची पाळी येते. रागावण्याऐवजी गोळीची वेळ बदलून पाहा, रात्रीच्या जेवणानंतर किंवा तुमच्या देवाच्या दिव्याबरोबर. शक्य असेल तर त्याच्यासारख्या मोठ्या मुलांची गाठ घालून द्या. रात्री-बेरात्री काही विचारावंसं वाटलं तर १०९७ हा सरकारी मदतीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत.

बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्या घरी हे दुखणं नसेल. पण तुमच्या मुलाच्या वर्गात, तुमच्या चाळीत, तुमच्या भिशीतल्या कुणाच्या घरी असू शकतं. तिकडच्या अभ्यासांनी एवढे आकडे मोजून जे दाखवलं त्यात आपल्यालाही काम आहे. मुलाला विचारणारं, भेटणारं माणूस लागतं. डब्यावरून तक्रार घेऊन ऑफिसात जाणारी आई व्हायचं की आपल्या मुलाला "त्याच्याबरोबरच बसून जेव" म्हणणारी, हे आपल्या हातात आहे.

त्या मुलीची निबंधाची वही परवा साफसफाईत पुन्हा हाती आली. शेवटच्या निबंधाखाली मी लाल शाईने 'छान' एवढंच लिहिलं होतं. शेजारी बसून आणखी दोन शब्द बोलले असते तर, असं वाटत राहतं. म्हणून हे एवढं लांबलचक उत्तर.

बाई, काय झालं ते कळवा. वाट पाहते.